ताट, उंदीर आणि चार कार्यालये

अन्नाची सुरक्षितता आणि उंदीर-झुरळांचा बंदोबस्त ही कागदावर दोन निराळी कामे आहेत. स्वयंपाकघरात ती एकच असतात. भात कितीही चांगल्या तांदळाचा असला, कितीही नीट शिजवला असला, तरी रात्री उघड्या टोपावरून झुरळे फिरून गेली की सगळे मुसळ केरात. झुरळ येते ओट्याखालच्या मोरीतून, मोरी उघडते मागच्या गटारात, आणि गटार असते नगरपालिकेचे. ताटलीतल्या भाताची चौकशी करायला आलेला अन्न सुरक्षा अधिकारी झुरळाच्या मागावर निघाला, तर मागच्या दाराची पायरी उतरताच त्याचा अधिकार संपतो. या देखरेखीतले बहुतेक घोटाळे त्या पायरीवरच होतात.

गोव्यातले पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके हा विषय समजून घ्यायला सोयीचे आहेत. पेडणे हे राज्याचे उत्तरेकडचे दार. मुंबईहून येणारा महामार्ग पत्रादेवीला गोव्यात शिरतो. जवळच सातार्ड्याकडूनही वाट आहे. डिचोलीच्या वेशीवर दोडामार्ग आहे, आणि बेळगावहून चोर्ला घाट उतरणारा भाजीपाला सत्तरीतल्या केरीवरून डिचोली तालुक्यातल्या साखळीत पोचतो. गोव्याच्या ताटातली भाजी, दूध, अंडी, कोंबडी आणि मासळीचाही मोठा वाटा राज्याबाहेरून येतो, त्यामुळे हे रस्ते म्हणजे गोव्याच्या जेवणाचे घसेच म्हणायचे. पेडण्याच्या पश्चिमेला हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी ही पर्यटकांनी भरलेली किनारपट्टी आहे, पूर्वेला शेती-बागायती, आणि मधल्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागलेला मोपाचा विमानतळ. डिचोलीला खनिजाचा इतिहास आहे, जुनी बाजारपेठ आहे आणि जत्रांची गावे आहेत. दोन्हीकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल आणि ऊब या दोन गोष्टी बुरशीला, डासाला आणि झुरळाला सारख्याच मानवतात.

कोणाचे काय काम

शिजवलेल्या आणि विकल्या जाणाऱ्या अन्नावर अन्न व औषध प्रशासन संचालनालयाची नजर असते. गोव्यात लोक त्याला ‘एफडीए’ म्हणतात. त्याचे मुख्यालय आणि प्रयोगशाळा बांबोळीला आहेत. त्याच्या हाती २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आहे. ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आलेल्या या कायद्याने १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा घेतली. जुन्या कायद्याचा सगळा रोख भेसळ पकडण्यावर होता: दुधात पाणी, तिखटात विटेची पूड. नव्या कायद्याने भेसळीइतकेच महत्त्व जागेच्या स्वच्छतेला दिले, आणि परवान्याच्या २०११ च्या नियमांना जोडलेल्या चौथ्या अनुसूचीत उंदीर-कीटकांचा बंदोबस्त ही धंदेवाल्याची जबाबदारी म्हणून लिहून ठेवली. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल मुळात फार मोठा आहे. पूर्वी झुरळ सापडणे ही मालकाची नाचक्की होती. आता ते परवान्याच्या अटीचे उल्लंघन आहे.

दुसरे कार्यालय आरोग्य खात्याचे. पेडणे आणि डिचोलीची सामाजिक आरोग्य केंद्रे, कासारवर्णे, मये आणि साखळीची प्राथमिक आरोग्य केंद्रे ही त्या भागातली आरोग्याची ठाणी. केंद्राचा आरोग्याधिकारी केवळ रुग्ण तपासत नाही. १९८५ च्या गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायद्याने त्याला सार्वजनिक उपद्रव हटवण्याचे, डासांची पैदास थांबवण्याचे आणि साथीच्या रोगाची दखल घेण्याचे अधिकार दिले आहेत. खानावळ, लॉज किंवा शॅक सुरू करताना त्याचा ना-हरकत दाखला लागतो. हे अधिकार किती लांब जाऊ शकतात हे १९८९ मध्ये दिसले. एचआयव्हीची लागण झालेल्या एका गोमंतकीय तरुणाला याच कायद्याचा आधार घेऊन सुमारे दोन महिने डांबून ठेवले गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचले. कायदा गटाराविरुद्ध जसा चालतो तसा माणसाविरुद्धही चालू शकतो, म्हणून तो कोणाच्या हाती आहे याला महत्त्व येते.

तिसरे कार्यालय म्हणजे नगरपालिका किंवा पंचायत. पेडणे, डिचोली आणि साखळी या तीन गावांना नगरपालिका आहेत, बाकी सगळीकडे पंचायती. धंद्याचा स्थानिक परवाना, बाजाराची जागा, कचरा उचलणे आणि गटार उपसणे ही त्यांची कामे. चौथे कार्यालय बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही: कृषी संचालनालय. उंदीर मारण्याचे औषध आणि झुरळावरचे जेल ही कायद्याच्या दृष्टीने कीटकनाशके. ती १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात आणि त्यांच्या विक्रीचे परवाने कृषी खाते देते. म्हणजे खानावळीतला भात बांबोळीचा, आचाऱ्याचे आरोग्य डॉक्टरांचे, मागचे गटार पालिकेचे आणि गटारातल्या उंदरासाठी आणलेले विष कृषी अधिकाऱ्याचे.

जुनी आठवण

रोगराईमुळे राजधानी हलवावी लागलेला हा प्रदेश आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात पटकीच्या आजाराचे वर्णन केले आहे. पटकी, हिवताप आणि विहिरीत मुरणारी घाण यांनी जुने गोवे ओस पडत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या बाजूला नेला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी ठरली. त्याच्या आदल्याच वर्षी पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली होती. विसाव्या शतकात फ्रोइलानो द मेलो या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने जुन्या गोव्यातल्या हिवतापाविरुद्ध मोहीम चालवली. पण या साऱ्याचा केंद्रबिंदू तिसवाडी-बार्देश-साष्टी हाच राहिला. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हा नव्या काबिजादीतला मुलूख, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या हाती लागलेला. तिथे सरकारी आरोग्यव्यवस्था उशिरा पोचली, आणि गावोगावची केंद्रे, त्यांचे निरीक्षक, घरोघर फिरणारे कर्मचारी ही सगळी घडी १९६१ च्या मुक्तीनंतरच बसली.

तपासणीच्या दिवशी

डिचोलीच्या बाजारातली एखादी लहान खानावळ डोळ्यांसमोर आणावी. सकाळचे अकरा वाजलेले, शीत-कढीची तयारी चाललेली. अधिकारी आत येतो तो आधी भिंतीकडे पाहतो. परवाना किंवा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक ठळक जागी लावलेला हवा. आकडा एकने सुरू होत असेल तर परवाना, दोनने असेल तर नोंदणी. २०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान धंद्याला वर्षाला शंभर रुपये शुल्काच्या साध्या नोंदणीवर मोकळे ठेवले. गाडेवाला, खाजेवाली, घरगुती डबे देणारी बाई या साऱ्यांची सोय त्यात आहे. त्यानंतर कामगारांचे कागद: अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वरासारख्या पोटाच्या रोगांवरची लस. ही तपासणी बहुधा जवळच्याच आरोग्य केंद्रात झालेली असते, म्हणजे पहिल्या कार्यालयाचा कागद दुसऱ्याच्या शिक्क्यावर उभा असतो.

खरी परीक्षा फ्रीजपाशी होते. थंड पदार्थ पाच अंश सेल्सिअसच्या खाली आणि गरम पदार्थ साठ अंशांच्या वर, हा साधा नियम. या दोहोंच्या मधली ऊब म्हणजे जंतूंची पेरणीची वेळ. गोव्याच्या स्वयंपाकात दोन गोष्टी या पट्ट्यात फार लवकर बिघडतात. एक वाटप: ओल्या खोबऱ्याचे वाटण उन्हाळ्याच्या दुपारी काही तासांत आंबते. त्याचा वास येतो, म्हणून ते टाकले जाते. दुसरा बांगडा, आणि तो जास्त फसवा. बांगडा आणि कुपा या जातीच्या माशांत हिस्टिडीन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा बर्फाविना राहिला की जंतू त्याचे हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन तळून जात नाही, शिजवून जात नाही, आणि माशाला वास येण्याआधीही पुरेसे जमलेले असू शकते. जेवून अर्ध्या-एक तासात तोंड लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर गांधी उठणे याला लोक ‘बांगडा बाधला’ म्हणतात आणि अ‍ॅलर्जी समजून सोडून देतात. दोष अनेकदा बांगड्याचा नसतो, ट्रकमध्ये वितळून गेलेल्या बर्फाचा असतो.

संशय आला तर नमुना घेतला जातो, आणि त्याची रीत फार काटेकोर आहे. अधिकारी वस्तू फुकट उचलत नाही; बाजारभावाने पैसे देतो. नमुन्याचे चार भाग करून मालकासमोर मोहोरबंद करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन भाग त्याच्या वरिष्ठाच्या, म्हणजे पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या, ताब्यात. उरलेला चौथा मालकाने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. मालकाला तो मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील, आणि दोन अहवालांत तफावत आली तर संदर्भ प्रयोगशाळेचा शब्द अखेरचा. नमुन्यांची मोहोर तुटलेली निघाली किंवा पंचनाम्यात एक तारीख चुकली म्हणून खटला पडू शकतो. त्यामुळे चांगला अन्न सुरक्षा अधिकारी जितका रसायनशास्त्र जाणतो तितकाच कारकून असावा लागतो.

पण रोजच्या कामात नमुन्यापेक्षा सुधारणा नोटीस जास्त उपयोगी पडते. जाळी बसवा, फुटलेली फरशी बदला, कच्चे मासे खालच्या कप्प्यात ठेवा. मुदत किमान चौदा दिवसांची. ती पाळली नाही तर परवाना निलंबित, पुढे रद्द. अस्वच्छ जागेत अन्न तयार केल्याबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान खानावळीच्या मालकाला लाखाच्या भीतीपेक्षा चौदा दिवसांनी परत येणारा माणूस अधिक सुधारतो.

उंदीर, झुरळ, माशी

अकरा वाजता झुरळ दिसत नाही. ते रात्रीचे जनावर आहे. भर दिवसा ओट्यावर दिसू लागले तर आत गर्दी मावेनाशी झाली असे समजावे. म्हणून जाणता निरीक्षक टॉर्च घेऊन फ्रीजच्या मागे, जिथे मोटार ऊबदार असते तिथे पाहतो. हॉटेलांत आढळणारे लहान तपकिरी झुरळ आपल्या तीस-चाळीस अंड्यांची कुपी पिल्ले बाहेर पडायच्या बेतात येईपर्यंत पोटाशी धरून फिरते. फवारणीने आई मरते, कुपीतली पिल्ले बहुधा वाचतात. म्हणून एकदाच फवारणी करून ‘पेस्ट कंट्रोल केले’ असे बिल दाखवणाऱ्या मालकाचे समाधान तीन-चार आठवडेच टिकते. फटीत मुगाएवढे जेलचे थेंब लावणे आणि काही आठवड्यांनी पुन्हा लावणे हा जास्त खात्रीचा उपाय. अन्नाच्या जागेत उघडी फवारणी तर उलट घातकच: मारायचे होते झुरळ, आणि विष बसले पोळपाटावर.

उंदराची चौकशी लेंड्यांपासून सुरू होते. ताजी लेंडी मऊ आणि चकचकीत, जुनी राखाडी आणि बोटाने चुरगळणारी. भिंतीच्या कडेने तेलकट काळपट पट्टा दिसला तर ती त्याची रोजची वाट. अंगाचा मळ घासून ती तयार होते. शंका असेल तर संध्याकाळी त्या वाटेवर पिठाची पातळ पूड भुरभुरावी आणि सकाळी पावले मोजावीत. एवढ्या साध्या युक्तीने कळते की उंदीर कौलांतून उतरतो की मोरीतून चढतो. हे कळणे महत्त्वाचे, कारण कौलांतला काळा उंदीर आणि गटाराकाठी बिळे करणारी घूस यांचे उपाय वेगळे. घरातला लहान उंदीर अर्ध्या सेंटिमीटरहून थोड्या मोठ्या फटीतूनही आत येतो, त्यामुळे दाराखालची फट बुजवणारी पत्र्याची पट्टी कुठल्याही विषापेक्षा स्वस्त पडते.

विषाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. झिंक फॉस्फाइड पिठात मळून ठेवले तर तो आधी कणभर चाखतो, पोट दुखले की पुन्हा त्याकडे फिरकत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसते पीठ आणि सुके खोबरे ठेवून त्याचा विश्वास मिळवायचा असतो. ब्रोमाडायोलोनसारखी रक्त न गोठू देणारी औषधे काही दिवसांनी मारतात, त्यामुळे त्याला खाण्याचा आणि मरण्याचा संबंध जोडता येत नाही. याहून भयंकर अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. तीन ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने एक ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. धान्याच्या कोठारात ताडपत्रीखाली किड्यांसाठी प्रशिक्षित माणसाने वापरायची ही वस्तू. तिच्यावर उतारा नाही. घरात, खोलीत, दुकानाच्या माळ्यावर ती ठेवणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याआधी तो मृत्यूशी खेळ आहे.

माशीचा प्रश्न मात्र पूर्णपणे कचऱ्याचा. उकाड्यात माशीच्या अंड्यापासून उडणारी माशी तयार व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. पंचायतीची गाडी ओला कचरा आठवड्यातून एकदा उचलत असेल तर माशीच्या एका पिढीला वाढायला पुरेशी सवड मिळते. दोन-तीन दिवसांनी उचलला तर अळ्या गाडीतच जातात. म्हणजे खानावळीच्या जाळीपेक्षा कचऱ्याच्या वेळापत्रकात माशीचे औषध जास्त आहे, आणि ते वेळापत्रक अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या हाती नाही.

मासळीचे वर्ष

या यंत्रणेची सर्वांत कठीण परीक्षा २०१८ मध्ये झाली. १२ जुलैला मडगावच्या घाऊक मासळी बाजारात एफडीएच्या पथकाने चाचणी-पट्ट्यांनी मासे तपासले आणि काहींत फॉर्मेलिन असल्याचा इशारा मिळाला. फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण. प्रयोगशाळेत आणि शवागारात वापरायचे. त्यानंतर लगेचच प्रमाण मर्यादेत असल्याचा खुलासा खात्याकडून आला, आणि तिथेच लोकांचा विश्वास गेला. बाहेरून घातलेल्या फॉर्मेलिनला कायद्यात मर्यादाच नाही, ते मुळातच निषिद्ध. मग ‘मर्यादेत’ म्हणजे काय, हा प्रश्न बाजारातल्या बाईलाही पडला.

शास्त्रीय उत्तर होते, पण ते कोणी वेळेवर समजावून सांगितले नाही. समुद्रातल्या काही माशांत, बोंबलासारख्यांत विशेषतः, मेल्यानंतर शरीरातल्याच एका द्रव्याचे विघटन होऊन थोडे फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होते. पट्टी रंग बदलते, पण हे आतले की बाहेरचे हे ती सांगू शकत नाही; त्यासाठी प्रयोगशाळेत मोजमाप लागते. चाळणीचे काम करणाऱ्या साधनाला न्यायाधीश केल्यावर गोंधळ व्हायचाच.

सरकारने जुलैतच काही दिवसांसाठी परराज्यातल्या मासळीला बंदी केली, आणि नोव्हेंबरात पुन्हा निर्बंध आले: मासे वाहणाऱ्याची नोंदणी हवी, गाडी थंडपणा राखणारी हवी. झळ बसली ती पत्रादेवीला. मालवण-वेंगुर्ल्याहून पहाटे निघणारे टेम्पो नाक्यावर अडू लागले. या गाड्यांतला मासा काही तासांपूर्वीचा, अंतर थोडे, बर्फ थर्माकोलच्या पेट्यांत. हजार किलोमीटरवरून येणाऱ्या कंटेनरचे नियम त्यांना लावावेत का, यावर सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांनी आवाज उठवला. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. अंतर आणि वेळ बघून धोका मोजणारी देखरेख हवी; सरसकट नियम मोठ्या व्यापाऱ्याला परवडतो, लहानाला मारतो. पण या साऱ्यातून एक चांगली सवय लागली: मासळीच्या गाडीत बर्फ किती आणि कुठला, हे नाक्यावर विचारले जाऊ लागले. त्याच वर्षी महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याची सक्ती झाली, ती याच कारणासाठी: औद्योगिक बर्फ उसाच्या रसात जाऊ नये.

जत्रा आणि किनारा

वैशाख शुद्ध पंचमीला डिचोली तालुक्यातल्या शिरगावात लईराई देवीची जत्रा भरते. हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, आणि त्याहून कितीतरी अधिक भाविक एका लहान गावात उतरतात. कोजागिरीच्या सुमारास पेडण्याची पुनव. जत्रेत रातोरात शेकडो गाडे उभे राहतात आणि दोन दिवसांनी नाहीसे होतात. नोंदणी, नमुना, चौदा दिवसांचा अहवाल या यंत्रणेचा इथे काही उपयोग नाही. अहवाल येईपर्यंत गाडा पुढच्या जत्रेला गेलेला असतो. इथे कामाला येते ती पूर्वतयारी: पाण्याचा टँकर कुठून भरला, क्लोरीन आहे का, शौचालय गाड्यांपासून किती लांब आहे.

खाजे हा जत्रेचा मानबिंदू: बेसनाच्या काड्या, गूळ, आले, वरून तीळ, २०२० च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालेला पदार्थ. तो कोरडा आणि गुळात घोळलेला, त्यामुळे जंतूंना फारसा मानवत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. ढीग उघडा असतो, आणि पुडी वर्तमानपत्राची असते. छपाईच्या शाईतली द्रव्ये तेल-गुळाला चिकटतात, म्हणून छापील कागदात अन्न बांधायला बंदी आहे. तेलाचेही तसेच: पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे पंचवीस टक्क्यांवर गेली की ते टाकून द्यावे, असा नियम जुलै २०१८ पासून आहे.

शेजारच्या बार्देशात, म्हापशात २०२४ च्या बोडगेश्वर जत्रेत गोबी मंच्युरियनलाच बंदी झाली आणि त्याची देशभर चर्चा झाली. कारण रास्त होते: भडक रंग, संशयास्पद सॉस. उपाय मात्र आळशी होता. कायदा पदार्थावर बंदी घालत नाही, रंगावर घालतो. आठ कृत्रिम रंग ठरलेल्या पदार्थांत ठरलेल्या प्रमाणात चालतात आणि कापड रंगवायचा रोडामिन-बी कशातच चालत नाही. फ्लॉवरला हद्दपार केले तर तोच रंग शेजारच्या गाड्यावर चिकनला लागतो. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटकाने रंगावर नेमकी बंदी घातली, ती जास्त शहाणपणाची होती.

पेडण्याच्या किनाऱ्यावरचे शॅक हा आणखी वेगळा प्रकार. ऑक्टोबरच्या आसपास बांबू-झावळ्यांनी उभे राहतात, पावसाआधी मोडले जातात. जमीन वाळूची, भिंती झापाच्या, सांडपाणी टाकीत. उंदराला अडवणारी पक्की भिंत इथे असूच शकत नाही; त्यामुळे धान्य झाकणबंद पत्र्याच्या डब्यांत, जमिनीपासून वर, आणि उरलेले अन्न रात्रीच उचलणे एवढाच मार्ग उरतो. मोरजीला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यामुळे तिथे मनमानी फवारणी करणे किंवा विषाचे तुकडे पसरणे आणखीनच अयोग्य.

डास आणि गोचीड

आरोग्य केंद्रांचा मोठा वेळ मात्र ताटलीपेक्षा टाकीत जातो. १९८० च्या दशकात बांधकामाची लाट आली तसा पणजीत आणि पुढे कांदोळी भागात हिवताप उसळला. शहरी हिवतापाचा डास स्वच्छ पाण्यात, बांधकामाच्या टाक्यांत आणि ओल्या स्लॅबवर साठलेल्या डबक्यात वाढतो. १९९० च्या दशकात पणजी-कांदोळी परिसरात अळ्या खाणारे स्थानिक मासे आणि अळ्यांना मारणारे जिवाणू यांचे प्रयोग झाले. याच काळाचा धडा म्हणजे बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्रिका. मोपाच्या पठारावर हजारो मजूर राबत होते तेव्हा पेडण्याच्या आरोग्य केंद्रांना याच कामाने ग्रासले. धूर सोडणारी गाडी गल्लीतून गेली की लोकांना काहीतरी झाल्यासारखे वाटते. तो धूर फक्त उडते डास मारतो, तेही थोड्या वेळापुरते. टाकीचे झाकण तेवढेच काम वर्षभर करते.

डोंगराकडच्या बाजूला गोचिडीचा धोका आहे. कर्नाटकात १९५७ मध्ये ओळखलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये दोडामार्गातल्या केर गावात आला. काजूच्या हंगामात, जानेवारी ते मे, लोक पालापाचोळ्यात बसून बोंडे वेचतात आणि गोचीड चावते. रानभर फवारणी करणे शक्यच नाही. म्हणून माकड मेलेले दिसले की ताबडतोब कळवायचे, ते मेले त्या जागेभोवती मॅलॅथिऑनची पूड टाकायची, आणि बागेत जाताना हातापायांना गोचीड दूर ठेवणारे डेपा तेल लावायचे. या एका कामात आरोग्य, वन, पशुसंवर्धन आणि पंचायत अशी चार खाती एकत्र येतात, कारण माणूस मरण्याची भीती असते. गटारासाठी ती एवढ्या तत्परतेने एकत्र येत नाहीत.

ग्राहकाच्या हाती

अन्नातून विषबाधा झाली तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ती कळवायला लावण्याची तरतूद कायद्याच्या पस्तिसाव्या कलमात आहे. म्हणून उलटी-जुलाबाचा रुग्ण नेताना त्याने कुठे आणि काय खाल्ले हे डॉक्टरांना सांगावे, आणि उरलेले अन्न फेकून न देता झाकून थंड जागी ठेवावे. गटार तुंबले असेल तर तक्रार पालिकेकडे, डासांची पैदास असेल तर आरोग्य केंद्राकडे, ताटात झुरळ निघाले तर एफडीएकडे करायची असते. आणि चाळिसाव्या कलमाचा वापर तर फार थोडे लोक करतात: विकत घेतलेला कोणताही खाद्यपदार्थ ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, फक्त तसा इरादा विकणाऱ्याला खरेदीच्या वेळीच सांगावा लागतो. अहवालात दोष निघाला तर भरलेले शुल्क परत मिळते.